निकेलची जाळी आणि मामांचे फोटो

सासूबाई गेल्या त्या उन्हाळ्यात मामा परभणीला आमच्याकडे राहायला आले. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. त्यांची सगळी नोकरी येलदरीच्या वीजघरात झाली. रिटायर झाल्यावरही ते धरणाजवळच्या गावातच राहिले आणि सासूबाई असेपर्यंत तिथून हलायचं नाव घेतलं नाही. येताना त्यांच्याबरोबर एक लोखंडी पेटी होती, एक काळी कढई होती आणि पत्र्याच्या डब्यात लावलेली सासूबाईंची तुळस होती.

माझा नवरा मालगाडीवर गार्ड. आज मनमाड, उद्या नांदेड, परवा कुठं ते त्यालाही ठाऊक नसतं. त्यामुळे घरात बहुतेक वेळ आम्ही दोघंच, मी आणि मामा. आणि आम्हाला एकमेकांशी बोलता येत नव्हतं. राग नव्हता, भांडण तर अजिबात नव्हतं. पण मामांना ऐकू फार कमी यायचं. त्यांच्या वडिलांचेही कान वयाबरोबर असेच गेले होते म्हणे. “जेवायला वाढू का?” एवढं विचारायला मला शेजारच्यांनाही ऐकू जाईल असं ओरडावं लागायचं, आणि सासऱ्यांवर ओरडायची लाज वाटायची. मग मी हातानं खुणा करायचे, ते मान हलवायचे. ताट, पाणी, औषध, झोप. दिवस असे मुक्यानं जायचे.

मी तेव्हा एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते आणि तिथल्याच संशोधन केंद्रात पीएच.डी. करत होते. तास संपले की प्रयोगशाळेत शिरायचे, ती दिवेलागणीला घरी. मामा ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असायचे. मी गाडी लावेपर्यंत बघायचे आणि मग आत जायचे. ते माझी वाट बघत बसतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

एका रविवारी त्यांनी स्वतःहून विचारलं, “तू तिथं दिसभर काय करतीस? कॉलेज तर दुपारीच सुटतंय म्हणं.”

आता हे ओरडून कसं सांगणार? मी स्वयंपाकघरातून काचेचा पेला आणला, त्यात पाणी घेऊन चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला. दोन पेन्सिली दोन्हीकडून टोकदार केल्या, पुठ्ठ्यातून खोचून पाण्यात सोडल्या आणि वरच्या टोकांना वायरीनं एक चौकोनी बॅटरी जोडली. पेन्सिलींच्या टोकांवर बुडबुडे धरायला लागले. मामांनी चष्मा लावला. पेला डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून ते चक्क खाली फरशीवर बसले.

“हे इकडं जास्ती निघायलेत ते कायचे?”

“हायड्रोजन!” मी ओरडले.

“आन हे तिकडचे?”

“ऑक्सिजन!”

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “आमी जलमभर पाण्यातून वीज काढली. तू वीज पाण्यात घालायलीस.” आणि हसले. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

मला चेव आला. मी त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन सगळं सांगायला लागले. पाणी सहजासहजी तुटत नाही, फार वीज खातं. पण मध्ये एखादा असा पदार्थ ठेवला, की ज्याच्या अंगावर पाणी सोपेपणानं तुटतं आणि तो स्वतः खर्च होत नाही, तर वीज वाचते. त्याला उत्प्रेरक म्हणतात. हायड्रोजनच्या बाजूला सगळ्यांत चांगला उत्प्रेरक म्हणजे प्लॅटिनम, पण तो दुर्मीळ आणि महाग. मी निकेलची जाळी घेते, भांडी घासायच्या स्पंजासारखी भोकाभोकांची. तिच्यावर रुथेनियम नावाचा धातू पसरवते. तोही महागच, म्हणून अगदी कमीत कमी, असून नसल्यासारखा. तेवढ्यावरच प्लॅटिनमच्या तोडीचं काम व्हावं, हे माझं संशोधन. आणि ही वीज उन्हाची किंवा धरणाची असली, तर धूर कुठंच नाही. म्हणून त्याला हिरवा हायड्रोजन म्हणतात.

“हिरवा? ह्येला तर रंगच न्हाई,” मामा पेल्याकडे बघत म्हणाले. मग चष्मा काढून, “म्हंजे तुझा तो धातू मिठावाणी झाला की. चवीपुरता.”

“हो मामा, अगदी चवीपुरता.”

“अर्धं कळालं,” ते उठता उठता म्हणाले, “अर्धं कानाबाहेर गेलं.”

कानाच्या मशीनसाठी माझा नवरा त्यांच्या कितीतरी वर्षं मागे लागला होता. सासूबाईंनी सांगून पाहिलं होतं. मामांचं उत्तर ठरलेलं: “आता ऐकायचं काय राहिलंय?” त्यामुळे पेन्सिलींच्या त्या प्रयोगानंतर काही आठवड्यांनी जे झालं, ते मला खरंच वाटेना. नवऱ्याला सुटी होती. मी कॉलेजातून आले तर बापलेक दोघंही घरात नव्हते. मी भांडी घासायला घेतली. मागे पावलं वाजली तरी मी वळले नाही. मामा आले असतील तर बोलून उपयोग नव्हता, आणि नवरा असेल तर तो बोलेलच.

“तू गुणगुणतीस व्हय?”

मी वळले. मामा दारात उभे होते. दोन्ही कानांमागे शेवग्याच्या बीएवढी बदामी रंगाची मशीनं होती, आणि चेहऱ्यावर एखाद्या नव्या गावात उतरलेल्या माणसाचा भाव होता.

मी नळ बंद केला. काम करताना गुणगुणायची मला लहानपणापासूनची सवय. घरात ऐकणारं कुणी नाही या भरवशावर मी खुशाल वाटेल तशी गात होते.

“रोजच गुणगुणतीस?”

“हो,” मी ओशाळून म्हटलं, आणि त्यांना ते ऐकू आलं. मी ओरडले नव्हते.

“ऱ्हाऊ दे, थांबू नको,” ते म्हणाले. मग मशीनकडे बोट दाखवून, “तू त्या दिशी येवढं सांगायली व्हतीस आन निम्मं वाया गेलं. लय वाईट वाटलं मला.”

मागे उभ्या असलेल्या नवऱ्यानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी नळाकडे तोंड केलं. डोळे ओले झाले होते आणि हात साबणाचे होते.

त्यानंतर घर बोलतं झालं. मी आल्यावर चहा घेता घेता मामा विचारायचे, “आज काय झालं?” आणि मी सांगायचे. सांगण्यासारखं चांगलं मात्र फार नसायचं. माझी जाळी पहिले काही तास उत्तम चालायची आणि मग रुथेनियम बसावं म्हणून तिच्यावर चढवलेला काळा थर सुटायला लागायचा. बुडबुडे निघतात त्यांच्याबरोबर थराचे कपटे सुटायचे आणि काचपात्राच्या तळाशी काजळी साचायची. थर टिकत नाही म्हणून मी तो जाड करत होते. जाड थर आणखी लवकर सुटायचा. भट्टीचं तापमान बदललं, द्रावण बदललं, रुथेनियम वाढवून पाहिलं. वाढवलं की काम सुधारायचं, पण मग माझ्या विषयाला अर्थ काय उरला?

शेवटी एक दिवस सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, समजुतीनं सांगितलं, “टिकाऊपणाचा भाग सोडून देऊ. बाकीचं पुरेसं आहे. प्रबंध होऊन जाईल.” सरांचं काही चुकत नव्हतं. पण टिकत नाही तो उत्प्रेरक कुणाच्या कामाचा? मी घरी आले ती तशीच स्वयंपाकघरात पाटावर बसले. दिवाही लावला नाही.

मामांनी येऊन दिवा लावला. माझ्याकडे एकदा बघितलं. “आज काय झालं?” असं विचारलं नाही. पेटीशेजारची आपली ती काळी कढई आणली, डब्यातून हुलग्याचं पीठ काढलं, लसूण ठेचला आणि परातीत पीठ मळून शेंगोळी वळायला बसले. वीजघरात नवे लागले तेव्हा ते एकटे राहायचे, सासूबाई नंतर आल्या. तेव्हापासून त्यांना दोन-चार पदार्थ येत होते. त्यांची जाडजूड बोटं पिठाच्या वळ्या इतक्या नाजूक करत होती की मी नुसती बघत राहिले.

“गरम हाय तवर खा, माय,” त्यांनी वाटी पुढं केली.

माय. त्याआधी त्यांनी मला कधी हाक मारलीच नव्हती, कारण हाक मारून माझी ओ त्यांना ऐकू येणार नव्हती, आणि मशीनं आल्यावरही ती सवय लागली नव्हती. मी खाल्लं. रडू आलं, तेही खाता खाताच आलं. मामांनी दुसरी वाटी भरली.

जेवण झाल्यावर ते म्हणाले, “तुझी ती मशीन दिसभर एकलीच चालती का?”

“हो. मी तासाला जाते तेव्हा एकटीच असते. लाईट जाते, पाणी उडून कमी होतं, कुणी बघायला नसतं.”

“मंग मी बसतो की. जलमभर मीटरच बघितलेत.”

“मामा, तुम्ही कशाला त्रास...”

“घरी तरी काय करायलोय? तुळशीला पाणी घातलं की दिस मोकळा.”

सरांना विचारायला मी घाबरतच गेले. ते विचारात पडले, मग अटी घातल्या: कशाला हात लावायचा नाही, खिडक्या आणि पंखा बंद करायचा नाही, संरक्षक चष्मा काढायचा नाही, काही वेगळं दिसलं तर शेजारच्या खोलीतल्या प्रयोगशाळा सहायकाला बोलवायचं. मामा दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ऑटोत माझ्याशेजारी बसले. स्वतःच्या चष्म्यावर तो मोठा प्लास्टिकचा चष्मा चढवून, हात मांडीवर ठेवून, लाकडी खुर्चीत असे ताठ बसले की सरही दारातून बघून हसले. पण त्यांनी मामांना नमस्कार केला आणि स्वतः चहा सांगितला.

मी वर्गात शिकवत असायचे आणि मोबाईल टेबलावर थरथरायचा. मामांचा फोटो. काचपात्र, त्यातली जाळी, शेजारच्या मीटरवरचे आकडे, आणि कोपऱ्यात हमखास मामांचा अंगठा. मजकूर काहीच नाही. टाइप करणं त्यांना जमत नव्हतं. एखाद्या वेळी चुकून छताचा पंखा यायचा. एकदा खिडकीतली खार आली, ती मात्र चुकून नव्हती. दर थोड्या वेळानं एक, असे दिवसभर. त्यांना वाटायचं, मला काळजी लागून राहिली असेल. आणि ती असायचीच.

जाळ्या तरीही सुटत राहिल्या. मामा घरी येताना गप्प असायचे, जणू त्यांच्याच पाळीत काही बिघडलं होतं.

मग माझा मोबाईल भरला. एका रविवारी दुपारी तो काही उघडूच देईना, म्हणून मी फोटो पुसायला बसले. मामा शेजारीच शेंगा सोलत होते. जुन्याकडून नव्याकडे मी बोटानं भराभर फोटो सरकवत होते. काचपात्र, काचपात्र, काचपात्र. सगळे एकाच खुर्चीतून, एकाच उंचीवरून काढलेले. भरभर सरकवताना ते हलत्या चित्रासारखे दिसायला लागले, आणि माझं बोट थांबलं.

जाळीच्या खालच्या कोपऱ्यात एक बुडबुडा होता. पुढच्या फोटोत तो मोठा झाला होता. त्याच्या पुढच्यात ज्वारीच्या दाण्याएवढा. मग तो गायब, आणि त्याच जागी दुसरा धरलेला. असं बऱ्याच वेळा. आणि काही फोटोंनंतर नेमक्या त्याच जागेवर काळ्या थरातून निकेल चकाकत होतं. वरच्या कडेला, जिथं थर चढवताना द्रावण नीट पोचलं नव्हतं आणि तो पातळ, खरखरीत राहिला होता, तिथं बुडबुडे धुळीएवढे बारीक होते. धरले की सुटत होते. तिथला थर शेवटपर्यंत जागेवर होता. मी आधीच्या जाळीचे फोटो काढले. त्याच्या आधीच्या जाळीचे काढले. सगळीकडे तेच.

मोठा बुडबुडा चिकटून बसत होता, फुगत होता आणि सुटताना थर ओढून नेत होता. जाड, गुळगुळीत थरावर तो घट्ट बसत होता. मी इतके दिवस नेमकं उलटं करत होते.

“मामा!” मी सवयीनं ओरडले. ते दचकले, शेंगा सांडल्या. “मामा, सापडलं! तुमच्या फोटोंत सापडलं!”

“माझ्या? मी तर नुसतं बटन दाबायचो.”

“एकाच जागेवरून दाबलंत ना रोज! म्हणून दिसलं.”

“खुर्चीच तिथं हाय, मी काय करू,” ते म्हणाले, पण नंतर सबंध संध्याकाळ ते फोटो पुन्हा पुन्हा बघत होते.

पुढचे काही महिने मी थर पातळ करायला शिकले. कमी द्रावण, कमी ताप, जास्त सबुरी. मखमलीला जशी बारीक उभी लव असते, तसा थर जाळीवर उगवायला लागला. त्यावर रुथेनियम आधीपेक्षाही कमी पुरलं, कारण ते गुठळी न होता लवेभर पसरत होतं. ज्या दिवशी अशी पहिली चांगली जाळी लावली, त्या दिवशी मी वर्गात असताना फोटो आला नाही, थेट फोन आला.

“पाणी नासलं माय! दुधावाणी पांढरं व्हायलंय. लवकर ये.”

मी मुलांना वाचायला सांगून धावत गेले. काचपात्रातलं पाणी खरोखरच दुधासारखं दिसत होतं. एकही बुडबुडा जाळीला चिकटत नव्हता. असंख्य बारीक बुडबुडे एकसारखे वर चढत होते आणि त्यांनीच पाणी पांढरं केलं होतं.

“नासलं नाही मामा. असंच व्हायला पाहिजे होतं.”

“असंच?” त्यांनी दोन्ही चष्मे वर सरकवून बघितलं. “मंग लय झ्याक झालं की.”

जाळी किती टिकते हेच बघायची पुढची मोठी चाचणी सुरू झाली आणि मधेच मामा तापानं पडले. सकाळी अंग भाजत होतं, तरी शर्टाची बटणं लावत होते. मी त्यांना परत झोपवलं आणि त्यांच्या उशाशी बसले.

“तू जा,” ते म्हणाले. “तिथं कोन बघल?”

“मी कुठंही जात नाही.”

“आगं, येवढं वर्साचं काम...”

“मामा, ते काम पुन्हा करता येतं.”

त्यांनी डोळे मिटले. मी सरांना कळवलं. चाचणी बंद पडली तर पडू दे, असं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. मी ओल्या पट्ट्या बदलत होते, तेवढ्यात मोबाईल थरथरला. सरांचा फोटो. काचपात्र, जाळी, मीटर. मामांच्या खुर्चीत सर स्वतः बसले होते. मी फोटो मामांपुढे धरला. त्यांनी तापलेल्या डोळ्यांनी तो नीट न्याहाळला.

“आकडा बरोबर हाय,” ते क्षीण आवाजात म्हणाले, “पन सरांनी फोटू तिरपा काढलाय.”

मामा बरे होऊन खुर्चीत परतले तेव्हा जाळी चालूच होती. मध्ये लाईट गेली, आली, पुन्हा गेली. थर सुटला नाही. वीज प्लॅटिनमपेक्षा किंचित जास्त लागत होती, हे मी प्रबंधात लपवलं नाही. पण धातू इतका थोडा होता की बाहेरच्या प्रयोगशाळेतून आलेला त्याच्या मोजणीचा अहवाल सरांनी दोनदा वाचला.

तोंडी परीक्षा नांदेडच्या बाजूला, विद्यापीठात होती. नवरा रजा काढून आला, मामा पहिल्या ओळीत बसले. बाहेरून आलेले परीक्षक प्रश्न विचारायचे तेव्हा मामांच्या कपाळावर आठ्या पडायच्या आणि मी उत्तर दिलं की त्या जायच्या. इंग्रजीतलं सगळं त्यांना कळणं शक्य नव्हतं. ते माझ्या आवाजावरून ओळखत असावेत. निकाल जाहीर झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि थांबवल्या. मामांच्या टाळ्या चालूच होत्या.

नवऱ्याला तिथूनच ड्यूटीवर जावं लागलं. मी आणि मामा पॅसेंजरनं निघालो. पूर्णा स्टेशनात गाडी थांबली ती थांबलीच. मामा खिडकीतून उतरत्या उन्हाकडे बघत होते. फलाटावर एक बाई टोपलीत पेरू घेऊन आली. मामांनी तिच्याकडून पेरू घेतले, तिखटमीठ मागून घेतलं, आणि त्यातला पिकलेला माझ्या हातात ठेवला.

“आता उद्यापासून काय?” त्यांनी विचारलं.

“उद्यापासून तेच, मामा. ही जाळी बोटाएवढी आहे. आता हाताच्या पंजाएवढी करायची. ती इतकी सहज होणार नाही.”

“पुन्हा सुटंल?”

“सुटेलही.”

मामांनी पेरूचा घास चावला.

“मंग डबा दोघांचा कर,” ते म्हणाले. “कॅन्टीनचं मला सोसत न्हाई.”

गाडीनं हिसका दिला आणि फलाट मागे सरकायला लागला. मी पदरानं त्यांच्या शर्टावर सांडलेलं तिखटमीठ झटकलं. परभणी येईपर्यंत आम्ही उद्याच्या भाजीचं ठरवत होतो.